घडी बसेना

त्याचा पहिला घडीचा चाकू उघडला. मिटला मात्र नाही.

मिटायला निघाला होता तसा. अर्ध्यावर आला, दोन पितळी पट्ट्यांच्या मधे तिरका शिरला आणि रुतून बसला. ना मागे, ना पुढे. पकड लावून ओढताना अंगठ्याच्या पेरावर आडवी रेघ उमटली आणि चार थेंब ऐरणीवर पडले. धार बरी लागली होती, एवढं त्यातून सिद्ध झालं.

त्याचं नाव इथे घेत नाही. चाकू करणारे लोक पात्याच्या बुडाशी आपला शिक्का मारतात. त्याच्या मते त्याचं काम अजून शिक्का मारण्याजोगं झालेलं नाही, तेव्हा नुसतं ‘तो’ पुरे. राहतो लोंढ्यात. नोकरी सांभाळून रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडात ठोकाठोक करतो. दोन वर्षं सरळ पात्याचे चाकू करत होता. नऊ झाले, नऊही भावकीत आणि मित्रांत गेले. धारेची वस्तू फुकट घेतली की नातं तुटतं म्हणतात, म्हणून प्रत्येकाने हातावर एक रुपया टेकवला. म्हणजे आजवरची एकूण विक्री नऊ रुपये.

दहावा खिशात मावेल असा करायचा ठरला. पातं तेच. फक्त मूठ दुभंगायची, मधे एक खीळ मारायची, झालं. हा हिशेब जगातल्या बहुतेक हौशी चाकूवाल्यांनी कधी ना कधी मांडलेला असतो, आणि बहुतेकांचा तो चुकतो.

लोंढा म्हणजे खानापूर तालुक्यातलं जंक्शन. बेळगावकडून येणारे, धारवाड-हुबळीकडून येणारे आणि कॅसलरॉकच्या घाटातून गोव्याला उतरणारे रूळ इथे भेटतात. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने ही लाइन आणली. नावात ‘मराठा’ असलेली ती रेल्वे लंडनमधल्या कंपनीची होती, हा भाग वेगळा. आजूबाजूला जंगल, चार महिने धो धो पाऊस. इथे रात्री उघडं राहिलेलं पोलादी पातं सकाळी तांबूस झालेलं असतं. खोबरेलाचं बोट फिरवल्याशिवाय शेडाचं दार लावायचं नाही, हा त्याने स्वतःलाच घालून घेतलेला पहिला नियम.

दुसरा नियम मोहाबद्दलचा. लोंढ्यात चाकूवाल्याला दोन गोष्टी फुकट पडल्यासारख्या दिसतात. एक, रुळाला काँक्रीटच्या स्लीपरशी जखडून ठेवणारी ती वळसेदार क्लिप. सिलिकॉन-मँगनीजचं उत्तम स्प्रिंगचं पोलाद, पातं करायला अगदी जातिवंत. पण ती एकेक क्लिप रेल्वेची आहे. रेल्वेची मिळकत बेकायदा बाळगली तर त्यासाठी १९६६चा स्वतंत्र कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्यावरून आपलीच माणसं गाडीने जातात त्या रुळाची क्लिप काढून चाकू करणारा माणूस कसला हौशी? दुसरी गोष्ट सांबराचं शिंग. रानात गळून पडलेलं सापडतं, मुठीला देखणं दिसतं, हातात घट्ट बसतं. पण १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ते गळालेलं शिंगही घरात ठेवता येत नाही. तेव्हा पोलाद बेळगावच्या भंगारातून, ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा. आणि मूठ जुन्या पलंगाच्या मोडक्या खुरातून निघालेल्या शिसवीची.

अमेरिकेतले हौशी लोक जुन्या रुळांचे खिळे ठोकून चाकू करतात, त्यांची छायाचित्रं भारी दिसतात. पण त्या खिळ्यात कार्बन फार कमी असतो. त्याला कितीही पाणी द्या, धार आठवडाभरही टिकायची नाही. शोभेचं काम.

पाणी देणं हा शब्द त्याला एकदा महागात पडला होता. लोहाराच्या भाषेत हत्याराला ‘पाणी देतात’, म्हणून त्याने पहिलंवहिलं पातं खरंच पाण्याच्या बादलीत घातलं. बारीक टिंग असा आवाज झाला आणि पात्याला केसासारखी चीर गेली. कमानीच्या पाट्याचं पोलाद पाण्यात दचकतं. म्हणायचं पाणी, पण घालायचं कोमट तेल. पातं किती तापलं हे कळायला त्याच्याकडे एक लोहचुंबक आहे, दोरीने छताला टांगलेलं. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाचं चुंबकाशी नातं तुटतं. लाल पातं लोहचुंबकाजवळ नेलं आणि ते ढिम्म हललं नाही, की आणखी जरासं तापवून तेलात. हे सगळं त्याला आता जमतं. त्यामुळेच घडीचा चाकू सोपा वाटला असणार.

सरळ चाकूत चुका लपतात. पात्याचं बूड मुठीत जातं आणि तिथे काय गोंधळ घातलाय ते जगाला कधी दिसत नाही. बाजू किंचित कमी-जास्त झाल्या तरी भाजी चिरली जाते. घडीच्या चाकूत मात्र जे लपवायचं तेच रोज दहा वेळा उघडं पडतं. पात्याला तीन मिलिमीटरची खीळ, खिळीसाठी भोक. ते भोक केसभर तिरकं गेलं की सगळं तिरकं. पहिल्या चाकूचं नेमकं हेच झालं होतं, हातातल्या ड्रिलने पाडलेलं भोक. दुरुस्ती म्हणून त्याने पट्ट्या घासून जागा वाढवली, तर चाकू मिटू लागला पण डुगडुगू लागला. खिळीपाशी एक दशांश मिलिमीटरची फट म्हणजे कागदाची जाडी, बोटाला लागतही नाही. पण पितळी पट्ट्यांना टेकणारं पात्याचं बूड रुंदीला जेमतेम एक सेंटिमीटर, आणि टोक तिथून साडेसात सेंटिमीटर पुढे. कागदाची फट टोकाशी साडेसातपट होऊन पाऊण मिलिमीटर डोलते. दात हलावा तसं.

आईने तो हलता चाकू हातात घेऊन पाहिला आणि काही न बोलता स्वयंपाकघरातली विळी पुढ्यात ओढून कांदा चिरायला घेतला.

विळी! गेली कित्येक वर्षं ती त्याच्या डोळ्यांसमोर उघडत होती आणि मिटत होती. पाटावर आडवी पडणारी, काम निघालं की उभी राहणारी, वर नारळ खवायला दातेरी चकती. पाटाला बसवलेल्या दोन पोलादी कानांत एक जाडजूड खीळ, पात्याच्या बुडाला एक ठोकळ खांदा. पातं उभं झालं की तो खांदा पाटावर टेकतो आणि त्यावर बसलेल्या बाईच्या पायाचा दाब त्याला मागे पडू देत नाही. कुलूप नाही, स्प्रिंग नाही. जपानमधला हिगोनोकामी चाकू जवळपास याच तत्त्वावर चालतो: पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खीळ, आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली छोटी शेपटी. ती अंगठ्याने दाबून धरली की पातं मिटत नाही. मिकी गावचे लोहार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो करत आले, आणि पिढ्यान् पिढ्या शाळकरी पोरं त्याने पेन्सिली तासत होती. आपल्याकडे पेन्सिलीऐवजी कांदा, अंगठ्याऐवजी पाय. मराठी घरात घडीचं हत्यार नवं नाहीच. सुपारीचा अडकित्ता आहे, न्हाव्याचा वस्तरा आहे.

अडकित्त्याचं वेड त्याला पुण्यात लागलं. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथले अडकित्ते आठवत असतील. पोपटाच्या आकाराचे, घोड्याचे, पितळेचे, लोखंडाचे. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि पुढे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. लोक तिथे नक्षी बघतात. हा मात्र काचेला नाक लावून खिळी बघत होता. दोन-दोनशे वर्षं सुपारी फोडून झाल्यावरही काहींचे दोन भाग एकमेकांना असे चिकटून उभे होते की मधे नखही जाणार नाही. कुणा लोहाराने, कुठलंही ड्रिल मशीन नसताना, निव्वळ ठोकून आणि कानशीने ते बसवलेलं. बसवलेलं, हाच शब्द बरोबर. मराठीत वस्तू घडवतात आणि मग तिची घडी बसवतात. संसाराची, धंद्याची, इस्त्रीच्या कपड्याची. घडवणं त्याला येत होतं. घडी बसत नव्हती.

दुसऱ्या चाकूला त्याने स्प्रिंग घालायची ठरवली. मुठीच्या पाठीतून जाणारी पोलादी पट्टी, पात्याच्या बुडावर दाब देणारी. म्हणजे चाकू उघडताना अडखळत नाही आणि मिटताना टप् असा आवाज करतो. पाट्याच्या एकाच तुकड्यातून त्याने दोन्ही कापलं, पातं आणि स्प्रिंग. दोन्हीला एकत्र तापवलं, एकत्र तेलात घातलं, आणि दोन्ही एकाच भट्टीत पिवळसर, गवताच्या काडीचा रंग येईपर्यंत पुन्हा शेकलं. पात्याला तो रंग उत्तम. साधारण २०० ते २२० अंश, कडकपणा शाबूत. जोडकाम झालं, चाकू उघडला, मिटला, उघडला, आणि चौथ्या वेळी टणकन आवाज झाला. पाठीच्या पट्टीचे दोन तुकडे. त्यातला एक पत्र्याला लागून कुठे गेला तो पावसाळा संपेपर्यंत सापडला नाही.

या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्याला इथे कळली, असं तो म्हणतो. एकाच पाट्याची दोन लेकरं, पण दोघांचं पालनपोषण वेगळं हवं. पात्याने झिजू नये, म्हणून ते काडीच्या रंगावर थांबवायचं. स्प्रिंगने हजार वेळा वाकून परत यावं, म्हणून तिला पुढे न्यायचं: पिवळ्यातून तपकिरी, तपकिरीतून जांभळी, आणि ३०० अंशांच्या आसपास मोरपंखी निळी झाली की त्याच्याही थोडं पलीकडे. कडकपणा कमी होतो, चिवटपणा येतो. हे रंग म्हणजे पोलादावर चढलेला गंजाच्या जातीचाच पण अतिशय पातळ थर. जाडी बदलली की रंग बदलतो. जुन्या घड्याळांतल्या निळ्या सुया असतात तोच हा निळा. आता तो स्प्रिंग तव्यावरच्या वाळूत शेकतो. आईचा जुना तवा. नवा आणून दिल्यावरच मिळाला.

शेजारी एक काका राहतात, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. टणकन आवाज ऐकून कुंपणापाशी आले.

“काय करूलास रे? गोळी बिळी सुटली की काय?”

त्याने तुटलेली स्प्रिंग दाखवली, हलणारं पातं दाखवलं. काकांनी चाकू डोळ्यापाशी धरला, पातं अर्धं मिटलं आणि म्हणाले, “हा तर पॉइंट.”

रेल्वेत ज्याला पॉइंट म्हणतात त्याला जुनी मराठी सांधा म्हणते, आणि तो बदलणारा तो सांधेवाला. एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी न्यायची तर रुळाची एक निमुळती, पात्यासारखी तासलेली जीभ सरकून पक्क्या रुळाला चिकटावी लागते. ती जीभ म्हणजे चक्क एक लांबलचक पातं, एका टोकाशी खिळलेलं. काकांची उभी नोकरी त्या चिकटण्यावर गेली. तपासताना जीभ आणि रूळ यांच्यामधे पाच मिलिमीटरचा लोखंडी तुकडा धरायचा आणि पॉइंट फिरवायचा. कुलूप लागता कामा नये, सिग्नल मिळता कामा नये. लागलं, तर पॉइंट नापास. खडीचा एक खडा, चिखलाचा एक गोळा मधे आला तरी यंत्राने नाही म्हटलं पाहिजे.

“बसलं का नाही ते नंतर बघ,” काका म्हणाले, “आधी बघ की नीट बसलं नसताना बसल्यासारखं दाखवतंय का.”

या वाक्याने त्याचं जोडकाम बदललं. खीळ कायमची ठोकण्याआधी चाकू दहा-पंधरा वेळा तात्पुरत्या खिळीवर जोडायचा आणि सोडायचा, हे चांगले कारागीर सांगतातच. तो ते कंटाळा म्हणून टाळायचा. आता तो पट्टीची पाठ तीन अवस्थांत बघतो, पूर्ण उघडा, अर्धा आणि पूर्ण मिटलेला. तिन्ही वेळा मुठीच्या पाठीवरून बोट फिरवलं तर कुठे पायरी लागू नये. एका जागी पायरी काढली की दुसऱ्या जागी उभी राहते, कारण पात्याच्या बुडाचा आकार घासावा तसा स्प्रिंगचा दाब बदलतो. बेळगावच्या उद्यमबागेत, जिथे फाउंड्र्यांच्या आणि मशीन शॉपच्या रांगा आहेत, तिथल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला जुनं डायल गेज दिलं. बोटाला पायरी लागेनाशी झाली तरी काटा हलतो. काही रविवार तर नुसता काटा बघण्यात गेले.

अमेरिकेतले चाकूवाले अशा स्प्रिंगच्या चाकूबद्दल बोलताना त्याचं चालणं-बोलणं कसं आहे ते विचारतात. चालणं म्हणजे पातं किती सुरळीत फिरतं, बोलणं म्हणजे शेवटी येणारा टप्. त्याचा तिसरा चाकू चालायचा छान आणि बोलायचाही. फक्त दर वेळी मिटला की बोथट व्हायचा. धार लावावी, मिटावा, उघडावा, टोमॅटोवरून घसरावा. दोन दिवस तो पोलादाला दोष देत होता. मग भिंगातून पाहिलं तर पात्याची धार मिटताना आतल्या स्प्रिंगवरच आपटत होती. पात्याच्या बुडाशी एक छोटा उंचवटा ठेवायचा असतो, जो आधी टेकतो आणि धारेला अधांतरी ठेवतो. त्याने तो सफाई म्हणून कानशीने काढून टाकला होता. म्हणजे चाकूने दर वेळी स्वतःलाच कापून घेतलं.

अशा वेळी तो इतरांच्या गोष्टी वाचतो. १९५०च्या दशकात बॉब लव्हलेस नावाच्या अमेरिकन खलाशाला न्यूयॉर्कच्या दुकानात हवा तो चाकू मिळेना, थांबावं लागेल म्हणाले. त्याने भंगारातल्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगपासून स्वतःच केला, जहाजावरच्या स्वयंपाकाच्या चुलीवर तापवून. पुढे तो त्या देशातला सगळ्यात नावाजलेला चाकूवाला झाला. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू काढला; तो उघडा राहावा म्हणून फिरवायची कडी मात्र १९५५ साली आली. म्हणजे पासष्ट वर्षं त्या चाकूला कुलूप नव्हतं आणि लोकांनी ते चालवून घेतलं, ही गोष्ट त्याला फार दिलासा देते. ऑस्ट्रियात हालस्टाटला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे, तो अडीच हजार वर्षांहून जुना. तेव्हा डायल गेज कुणाकडे होतं?

लांब कशाला जा. बेळगावातला किर्लोस्कर रोड त्याच्या रोजच्या बघण्यातला. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या गावात सायकलचं दुकान काढलं, आणि पुढे कारखानदारीकडे वळले ते धारेच्याच वस्तूने, कडबा कापायच्या यंत्राने. मग १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. आपल्या चाकूवाल्याचे तरी नऊ रुपये आलेत.

गावात मात्र त्याच्या छंदाकडे बघण्याची नजर सरळ चाकूंच्या वेळी वेगळी होती, आता वेगळी आहे. लोंढ्याच्या परिसरात कंबरेच्या लाकडी आकडीला कोयता लटकावून माणूस बाजारात फिरला तर कुणी मान वळवत नाही. हातभर पातं, सगळ्यांना दिसणारं, रानात जाणाऱ्याचं. पण तीन इंचांचं पातं खिशातून काढून उघडलं की चहाच्या टपरीवर शांतता पसरते. यात हिंदी सिनेमाचा मोठा वाटा. १९६५च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारने हातात धरला त्या रामपुरी जातीच्या चाकूने रामपूर शहराचं नाव कायमचं खराब करून टाकलं. कायद्याची नजर लांबीवर असते. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे, आणि तीही घरकाम-शेतीची हत्यारं वगळून. लोकांची नजर लपण्यावर असते. जे मिटतं ते संशयास्पद. विळीही मिटते, पण तिच्यावर बाई बसलेली असते ना.

चौथा चाकू या दिवाळीच्या आधी झाला. पातं तीन इंच, शिसवीची मूठ, पितळी पट्ट्या, निळी शेकलेली स्प्रिंग, बुडाशी उंचवटा शाबूत. खीळ ठोकताना पितळ आणि पात्याच्या मधे त्याने तेलात भिजवलेल्या पातळ कागदाची चकती ठेवली. खीळ पक्की झाल्यावर कागद ओढून काढला, तेवढीच मोकळीक उरली. टोक हलत नाही. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत नाही, म्हणजे खिसा फाटत नाही. उघडताना पाठ सपाट, अर्ध्यावर सपाट. मिटल्यावर मात्र स्प्रिंग मुठीच्या पाठीत किंचित खाली जाते. बघणाऱ्याला दिसत नाही. बोटाला कळतं.

त्याने तो कुंपणापलीकडे काकांना दिला. काकांनी पेरूची एक फोड कापली, पातं धोतराला पुसलं, चाकू कानाशी नेऊन तीनदा उघडला आणि तीनदा मिटला. मग अंगठा पाठीवरून सरकवला. अंगठा जिथे थांबायला नको होता तिथे थांबला. काका काही बोलले नाहीत. कनवटीला हात घालून त्यांनी एक रुपया काढला आणि कुंपणाच्या खांबावर ठेवला.

“अजून द्यायचा नाही काका,” असं म्हणत त्याने रुपया त्यांच्याकडे परत सरकवला, चाकू घेतला आणि खिळीचं डोकं घासून काढायला कानस शोधू लागला. कॅसलरॉककडे निघालेली मालगाडी पॉइंटवरून खडखडत गेली. काका सवयीने ती शेवटच्या डब्यापर्यंत ऐकत उभे राहिले.